बिस्किटचं लाल जॅकेट

मंडळी, मागच्या अंकात मी कबूल केलं होतं की या वेळी जुन्या फोनमधले फोटो न गमावता नव्या फोनमध्ये कसे आणायचे ते सांगेन. ते पुढच्या महिन्यावर ढकलतोय. मध्यंतरी घरी एक प्रकार घडला आणि तो सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहवेना. चूक माझी होती आणि ती अगदी शिकल्यासवरल्या माणसाची चूक होती.

आमचा बिस्किट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. चार वर्षांचा लॅब्रॅडॉर, गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाला न घाबरणारा. आपल्या मंडळातली तरुण मंडळी महिन्यातून दोन रविवारी वृद्धाश्रमात जातात, त्यांच्याबरोबर गेलं वर्षभर तोही येतो. तिथे तो स्टार आहे. एक आजी त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्याला बडोद्यातल्या कोण कोण माणसांच्या तक्रारी सांगतात. तो ऐकतो. एक आजोबा कोणाशीच बोलत नसत, ते त्याला 'आलास का रे' म्हणायला लागले. एखादं पोर खुर्चीवरून हात पुढे करतं तसे तिथे सगळे हात पुढे करतात आणि बिस्किट प्रत्येक हातापाशी जातो. त्यालाच थेरपी डॉग म्हणतात, असं मला वाटत होतं आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं.

आता दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली होती, ती फिजिओच्या मेहनतीने बरीचशी परत आली. पाऊल थोडं ओढत, पण ते चालायला लागले. काठी मात्र नको. काठी म्हटली की चेहरा पडायचा. बँकेत पस्तीस वर्षं ताठ मानेने काढलेला माणूस. मग अमेरिकेतल्या चुलत भावाने एक रील पाठवली. त्यात एक कुत्रा मालकाला उठायला मदत करतो, खाली पडलेली किल्ली उचलून देतो, दार उघडतो. माझ्या डोक्यात दिवा लागला. बिस्किट आहेच की घरात! माणसांत वावरायची सवय आहे, शहाणा आहे. बाबांना काठी नको असेल, पण बिस्किट हवाच असतो.

त्याच रात्री मी ऑनलाइन एक लाल जॅकेट मागवलं. त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'सर्व्हिस डॉग' छापलेलं. सहाशे रुपयांत माझा कुत्रा सर्टिफाइड. तीन आठवडे यूट्यूब बघून त्याला बाबांच्या उजव्या बाजूने चालायला शिकवलं. जमलंही. संध्याकाळी सोसायटीत दोघं निघाले की लोक गॅलरीतून बघायचे. बाबा पुन्हा ताठ चालायला लागले होते.

चौथ्या आठवड्यात गेटच्या पायरीवर ते पडले. झालं असं की पलीकडून कोणा मुलाने 'बिस्किट!' अशी हाक मारली आणि बिस्किट वृद्धाश्रमात जातो तसाच त्या हाकेकडे गेला. आनंदाने, पूर्ण ताकदीने. पट्टा बाबांनी उजव्या मनगटाला गुंडाळलेला होता. मनगटाचं हाड मोडलं. डावा हात आधीच अर्धा, आता उजवा प्लॅस्टरमध्ये. सहा आठवडे बाबांना आईने घास भरवला. त्या सहा आठवड्यांत ते मला एका शब्दाने बोलले नाहीत आणि बोलले असते तर बरं झालं असतं.

घरात दोन पक्ष पडले. ताईचं म्हणणं, कुत्रा देऊन टाका. आईचं म्हणणं, मुका जीव आहे, त्याला काय कळतं. मी मधल्या मधे. शेवटी कुत्र्यांना शिकवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी बिस्किटकडे पाहिलंच नाही, मलाच विचारलं, "रविवारी तुम्ही त्याला शिकवता की प्रत्येक माणूस तुझा आहे. सोमवारी म्हणता की एकच माणूस तुझा आहे, बाकी जग नाहीच. त्याने कुठलं खरं मानायचं?"

त्या प्रश्नानंतर मी रात्री जागून जे वाचलं ते इथे लिहितोय, कारण मंडळात आणखी दोन-तीन घरांत अशीच जॅकेटं आलेली मी पाहिली आहेत.

असिस्टन्स डॉग, म्हणजे अपंग किंवा आजारी व्यक्तीचा मदतनीस कुत्रा, हा एका माणसासाठी असतो. त्याला ठरावीक कामं शिकवलेली असतात. अंधांना वाट दाखवणं, बहिऱ्यांना दारावरची घंटा कळवणं, व्हीलचेअरवरच्या माणसाला वस्तू उचलून देणं, मधुमेह्याला साखर उतरल्याची सूचना देणं. त्याचं सगळ्यात अवघड शिक्षण मात्र या कामांचं नसतं. ते असतं दुर्लक्ष करण्याचं. बाजारात, स्टेशनावर, लग्नात, कोणी हाक मारली, कोणी बिस्किट दाखवलं, समोरून दुसरा कुत्रा गेला, तरी त्याने आपल्या माणसावरचं लक्ष काढायचं नाही. म्हणूनच परदेशात अशा कुत्र्याला हात लावू नये, बोलावू नये असा रिवाज आहे. तिथे मुलांना ते लहानपणीच सांगतात. अशी पिल्लं आधी वर्षभर, कधी त्याहून जास्त, स्वयंसेवक कुटुंबांत वाढतात, मग प्रशिक्षकांकडे जातात आणि दोन वर्षांच्या आसपास त्यांची माणसाशी जोडी जमवली जाते. बरीचशी मधेच गळतात. मी तीन आठवडे आणि एक यूट्यूब चॅनल यावर भागवलं होतं.

थेरपी डॉगचं नेमकं उलट. त्याने अनोळखी माणसाकडे आपणहून जायचं, त्याचा थरथरता हात, जोरात पकडलेला कान, औषधांचा वास, सगळं सोसून त्याच्याजवळ थांबायचं. तो आपल्या मालकाबरोबर दवाखान्यात, शाळेत, वृद्धाश्रमात जातो. फायदा तिथल्या लोकांना होतो, मालकाला नाही. ही कल्पना तशी जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीत एका अमेरिकन सैनिकाला, बिल विनला, चार पौंडांची एक यॉर्कशायर टेरियर मिळाली. स्मोकी तिचं नाव. विनला डेंग्यू झाला, तेव्हा ती त्याच्या खाटेवर आली आणि मग वॉर्डातल्या जखमी सैनिकांकडेही जायला लागली. तिला परवानगी देणारे डॉक्टर होते चार्ल्स मेयो, मेयो क्लिनिकच्या घराण्यातले. हीच स्मोकी फिलिपाइन्समध्ये धावपट्टीखालच्या सत्तर फूट लांब, अरुंद नळीतून टेलिफोनची तार ओढून घेऊन गेली होती. म्हणजे काम आणि माया दोन्ही. फक्त एकाच वेळी नाही. नळीत शिरली तेव्हा ती कोणाला चाटत बसली नव्हती.

अमेरिकेच्या कायद्यात हा फरक फार स्वच्छ मांडलाय आणि त्यामागचा माणूस नंतर गोष्टीत पुन्हा येणार आहे. २६ जुलै १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी तिथल्या अपंगांच्या हक्कांचा कायदा सही करून लागू केला. त्या कायद्याच्या नियमांप्रमाणे सर्व्हिस अॅनिमल म्हणजे अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकवलेला कुत्रा. नुसता धीर देणारा, मन रमवणारा कुत्रा त्यात बसत नाही. थेरपी डॉगला हॉटेलात, दुकानात शिरायचा हक्क नाही, त्याला बोलावलं असेल तिथेच तो जातो. दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कुठलं काम शिकवलंय? कागद मागता येत नाही, जॅकेट मागता येत नाही. म्हणजे ज्या देशातून जॅकेटची फॅशन आली, तिथेच त्या जॅकेटला कायद्यात किंमत नाही. मी सहाशे रुपये कशाचे दिले ते मला तेव्हा कळलं.

दुसरा प्रश्न मी स्वतःलाच विचारून पाहिला. बिस्किटला कुठलं काम शिकवलंय? उजव्या बाजूने चालणं. हे काम नाही, ही चाल आहे.

मग एकच कुत्रा दोन्ही करू शकतच नाही का? करू शकतो, आणि इथेच मला खरी मजा आली. पण कसा करतो ते बघा.

इंग्लंडमध्ये एन्डल नावाचा लॅब्रॅडॉर होता, १९९५ चा जन्म. पुढच्या पायांच्या सांध्यांत दोष असल्याने मदतनीस म्हणून तो टिकेल की नाही याचीच शंका होती. तिकडे अॅलन पार्टन हा नौदलातला माणूस १९९१ च्या आखाती युद्धात डोक्याला मार लागून आलेला. व्हीलचेअर, बोलणं गेलेलं, स्वतःचं लग्न आणि मुलांचे जन्मसुद्धा आठवत नव्हते. त्याची बायको, सँड्रा, कुत्र्यांना शिकवणाऱ्या केंद्रात मदतीला जायची. एक दिवस त्याला बरोबर घेऊन गेली. एन्डलने वस्तू उचलून त्याच्या मांडीवर आणून ठेवायला सुरुवात केली. हा घेईना, तरी तो आणत राहिला. पुढे अॅलन खुणांनी सांगायचा आणि एन्डल समजायचा. गालाला हात लावला की रेझर, डोक्याला लावला की टोपी. एन्डल शंभराहून जास्त खुणा शिकला, दुकानात फळीवरून वस्तू काढायचा, एटीएममधून कार्ड आणि पैसे काढून द्यायचा. २००१ मध्ये एका गाडीने धडक देऊन अॅलनला व्हीलचेअरमधून पाडलं, तेव्हा एन्डलने त्याला कुशीवर वळवलं, अंगावर ब्लँकेट ओढलं, गाडीखाली गेलेला मोबाइल आणून दिला आणि मग हॉटेलकडे धावत जाऊन भुंकून माणसं जमवली. पुढच्या वर्षी त्याला पदक मिळालं.

ही झाली मदत. पण अॅलन पुन्हा बोलायला लागला, घरच्यांत परत आला, तेही याच कुत्र्यामुळे, असं तो स्वतः सांगायचा. इथे थेरपी वेगळी दिलेली नाही. कोणीतरी आपल्यावर सोपवलंय, आपण सांगू ते कोणीतरी करतंय, यातूनच ती झाली. आणि ती एकाच माणसाला झाली. एन्डलला रविवारी दुसरीकडे जायचं नव्हतं.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या रिकोशे या गोल्डन रिट्रीव्हर कुत्रीची. तिची मालकीण, जुडी फ्रिडोनो, तिला पिल्लू असल्यापासून मदतनीस म्हणून शिकवत होती. हुशार. पण पक्षी दिसला की ही त्याच्यामागे. व्हीलचेअरवरच्या माणसाची कुत्री पक्ष्यामागे धावली तर काय होतं ते मी तुम्हाला वर सांगितलंच आहे. जुडीने तिला त्या कामातून काढलं. निराश झाली, साहजिकच. पण रिकोशेला लाटांवर फळीवर उभं राहता यायचं. २००९ मध्ये हातापायांत ताकद नसलेल्या एका मुलाबरोबर समुद्रात असताना ती स्वतःच्या फळीवरून त्याच्या फळीवर उडी मारून गेली. मग ती अपंग मुलांबरोबर, स्वमग्न मुलांबरोबर, युद्धातून मनाने खचून आलेल्या सैनिकांबरोबर लाटांवर जात राहिली. फळीचा तोल सांभाळणं हे काम, बाकी सगळी थेरपी. २०२३ मध्ये पंधरा वर्षांची होऊन ती गेली. मला या गोष्टीत आवडलं ते हे की जुडीने पक्ष्यांचं वेड मारून टाकायचा हट्ट केला नाही. आमच्याकडे दहावीच्या निकालानंतर असा शहाणपणा किती घरांत दिसतो ते तुम्ही सांगा.

तिसरी गोष्ट सगळ्यात नेमकी. सली. नाव ठेवलं हडसन नदीत विमान उतरवून १५५ जणांना वाचवणाऱ्या वैमानिकावरून. पिवळट लॅब्रॅडॉर, सैनिकांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या अमेरिकाज व्हेटडॉग्ज या संस्थेचा. एप्रिल २०१८ मध्ये थोरल्या बुश यांच्या पत्नी बार्बरा गेल्या आणि जूनमध्ये सली त्यांच्याकडे आला. हो, तेच बुश, ज्यांची सही त्या कायद्यावर आहे. ते तेव्हा व्हीलचेअरवर होते. सली दार उघडायचा, पडलेली वस्तू द्यायचा, मदत लागली तर माणूस बोलवायचा. ३० नोव्हेंबरला बुश गेले. शवपेटीसमोर आडवा झालेल्या सलीचा फोटो तुमच्याही फोनवर आला असेल. तेव्हा काहींनी टोमणा मारला की अवघे सहा महिने होता, एवढं काय रडायचं. खरंय, सहाच महिने. पण मला त्या फोटोपेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटलं.

पुढे काय झालं? सली निवृत्त होऊन कोणाच्या सोफ्यावर गेला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो वॉशिंग्टनजवळच्या वॉल्टर रीड या सैनिकी रुग्णालयात रुजू झाला. पंजा वर करून शपथ वगैरे घेतली, नौदलाचा हुद्दा मिळाला. तिथे आधीपासून असे कुत्रे काम करतात. हात-पाय गमावलेल्या सैनिकांच्या व्यायामाला ते बरोबर असतात. याला फॅसिलिटी डॉग म्हणतात. शिक्षण मदतनिसाचं, पण माणूस एक नाही. दिवसाकाठी अनेक रुग्ण, आणि बरोबर कायम एक शिकलेला सांभाळणारा, जो आता पुरे म्हणतो.

सलीने दोन्ही केलं, पण एकानंतर एक. आणि बदल करताना संस्था, सांभाळणारी माणसं, जागा, सगळं बदललं. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर आम्ही चालू सिस्टिमवर नवा प्रोग्राम तसाच चढवत नाही. आधी जुना बंद करतो, तपासतो, मग नवा. ऑफिसात मी ज्युनिअर मुलांना हेच ओरडून सांगतो आणि घरी शुक्रवारी रात्री जॅकेट मागवून सोमवारी बिस्किटला लाइव्ह केलं.

एकाच आठवड्यात दोन्ही कामं करणारे कुत्रेही आहेत. त्यांना खुणेने फरक शिकवलेला असतो. कामाचा पट्टा चढवला की एकच माणूस. तो काढून दुसरा स्कार्फ बांधला आणि 'जा, भेट' म्हटलं की सगळी माणसं. कुत्रा ही खूण शिकू शकतो, पण माणसाने ती पाळावी लागते. पट्टा घातलेला असताना मुलांना 'एकदाच हात लाव' म्हणायचं नाही. आणि मधे त्याला नुसता कुत्रा असू द्यायचं. हे शेवटचं मी अजिबात केलं नव्हतं. ते गृहस्थ मला म्हणाले, वृद्धाश्रमातले व्हिडिओ दाखवा. दाखवले. सगळे हसतायत आणि मधे बिस्किट. त्यांनी व्हिडिओ थांबवून बोट ठेवलं. बिस्किट जांभई देतोय. ओठ चाटतोय. मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतोय. मी त्याच व्हिडिओवर 'किती रिलॅक्स आहे बघा' असं लिहून ग्रुपवर टाकलं होतं. ऐंशी जणांनी हार्ट दिलं. कुत्र्यात ही ताणाची लक्षणं आहेत. तो दीड तास तिथे असायचा आणि घरी आला की संध्याकाळपर्यंत खाटेखाली. आम्ही म्हणायचो, दमला बिचारा.

आपल्याकडे या कामाचं काहीच नाही असं नाही. मुंबईत अॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारखी संस्था मानसोपचाराची माणसं आणि तयार केलेले कुत्रे मिळून मुलांसाठी वगैरे काम करते. तिथे उपचार कोणाला, किती वेळ, कशासाठी हे आधी ठरतं. कुत्रा गोड आहे म्हणून आणला, असं नसतं.

तर आता आमच्याकडची परिस्थिती. जॅकेट माळ्यावर आहे. ताईचं समाधान पूर्ण झालेलं नाही, ती आली की बिस्किटला गॅलरीत बांधायला लावते, मी बांधतो. वृद्धाश्रमात तो महिन्यातून एकदाच जातो, पाऊण तास. तक्रारी सांगणाऱ्या आजींना ते आवडलेलं नाही आणि त्यांनी ती तक्रारही बिस्किटलाच सांगितली. जांभया दोन झाल्या की आम्ही निघतो.

बाबांनी काठी घेतली. चार पायांची, ज्यावर भार देता येतो. ती घेतली त्या दिवशी ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. बिस्किटला फिरवायला मी नेतो, बाबा आमच्या मागून त्यांच्या वेगाने येतात.

प्लॅस्टर निघाल्यावर फिजिओने डाव्या हातासाठी व्यायाम दिला होता. चेंडू दाबणे, दोरी ओढणे. बाबा दोन मिनिटांत कंटाळायचे. मग तिने बिस्किटला पाहिलं आणि म्हणाली, काका, डाव्या हाताने याला रोज ब्रश करा, मानेपासून शेपटीपर्यंत, पूर्ण लांब. बिस्किटला यात शिकायचं काहीच नाही. तो मालिका सुरू झाली की सोफ्यापाशी येऊन आडवा होतो. बाबा मोजतात, मोठ्याने, बँकेत नोटा मोजायचे तसे. पहिल्या दिवशी अकरा झाले होते. काल एकशे बारा झाले आणि आईला अर्धी मालिका ऐकू आली नाही.